डावीकडे तीन थेंब

गायधनी बाई पहिल्यांदा दुकानात आल्या
तेव्हा झेरॉक्सचं मशीन नवं होतं, पानाला रुपया.
पिशवीतून जाडजूड चिनी पुस्तक निघालं
आणि मी पहिलंच पान काचेवर उलटं ठेवलं.

चिडल्या नाहीत. काउंटरवर वाकून म्हणाल्या,
डावीकडे तीन थेंब दिसले की समज, पाणी.
नदी, तळं, आसवं, सगळं तिथून सुरू होतं.
थेंब उजवीकडे गेले तर पान फिरव.
एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं त्यांची पानं काढली.

घर पंचवटीत. वडील यात्रेकरूंच्या वह्या सांभाळायचे:
गाव सांगा, आडनाव सांगा, पणजोबांची सही दाखवतो.
बाई शब्द तसेच शोधत. आधी कूळ, मग रेघा मोजायच्या.
बासष्ट साली त्यांच्या शब्दकोशाचं पार्सल पोस्टात अडलं.
फौजदारानं विचारलं, चीनशी संबंध काय?
म्हणाल्या, आहे. बाराशे वर्षांपूर्वीचा.

दिवसा कॉलेजात पेशवाईच्या सनावळ्या,
रात्री तांग काळातले निरोप:
कोण कुणाला कुठल्या घाटापर्यंत सोडायला गेला,
हातात वाळुंजाची डहाळी का दिली
(आपल्या दारणाकाठी असतो ना, तसलाच),
होडी दिसेनाशी झाल्यावर किती वेळ उभा राहिला.

एका शब्दापाशी अकरा वर्षं अडल्या.
मुळात तो माणूस ‘जातो’ म्हणतो, सरळ.
मराठीत लिहायला बाईंचा हात धजेना.
शेवटी मलाच विचारलं. मी टोनर बदलत होतो.
म्हटलं, बाई, आपल्यात ‘येतो’ म्हणतात.
पण तो परत येत नाही रे.
म्हटलं, तरी.

पुराच्या वर्षी दुतोंड्या मारुती बुडाला
आणि बाईंच्या कार्डांचे सोळा डबे भिजले.
दुकानात आडवी दोरी बांधून आम्ही ती वाळत घातली.
निळी शाई पसरलेली. त्यांचे थेंब कुठले,
गोदेचे कुठले, त्यांनाही सांगता येईना.
गिऱ्हाइकं खालून वाकून जायची.

पुस्तक निघालं. तीनशे प्रती.
दोनशे बाराव्या पानावर ‘येतो’ आहे, मी पाहिलं.
एक प्रत मला दिली, उधारी मोजून चुकती केली.
माझ्याकडे चार रुपये सुटे नव्हते.
राहू दे, म्हणाल्या, येतेच.

गल्ल्यात वेगळे ठेवलेत.