काटा दुरुस्ती

दोंडाईच्याच्या मार्केटात मिरची उतरली
की पहिली शिंक आमच्या दुकानाला येते.
पत्र्यावर अजून बाबांचंच नाव आहे:
हिलाल मिस्तरी, काटे-तराजू दुरुस्त करून मिळतील.
'तराजू'वरचा रंग उडालाय.
तो मी पुन्हा भरला नाही,
खरवडलाही नाही.

आत आता मल्टिमीटर, सोल्डरिंगची गन,
आणि डबाभर लोड सेल, अंगठ्याएवढे,
जे वाकतात केसाहून कमी
आणि तेवढ्यात ओझं ओळखतात.
हे मी रात्री मोबाईलवर शिकले,
सुरतेच्या एका पोराकडून,
जो दर वाक्याला 'सिंपल है' म्हणायचा.
सिंपल नव्हतं.
पहिल्या महिन्यात तीन बोर्ड जाळले,
आणि भाजीवाल्या बानोबीचा काटा असा दुरुस्त केला
की रिकामा असताना उणे चाळीस ग्रॅम दाखवी.
"म्हणजे दुकान मांडायच्या आधीच मी उधारीत?"
ती हसली. पैसे मात्र दिले नाहीत.

बाबा स्टुलावरून बघत बसायचे.
ज्या हातानं ते सुरीची धार घासत,
श्वास धरून, वाळूच्या कणाएवढी,
तो हात आता कप बशीत वाजवतो.
आकड्यांकडे बघून पहिल्यांदा म्हणाले होते,
"आंडेर, याले काटाच नही.
मंग हाऊ खोटं बोलना, ते दिसी कसाम्हा?"

मागच्या पौषात एक व्यापारी आला.
बसला, पाणी प्यायला,
खिशातून गाडीच्या चावीएवढा रिमोट काढला.
एवढं आत जोडायचं. बटण दाबलं
की पोत्यामागे दोन किलो गायब.
"जमान्याबरोबर चालावं लागतं, ताई."
त्यानं सांगितलेली रक्कम
तीन महिन्यांच्या भाड्याएवढी होती.
मी नाही म्हणाले.
लगेच म्हणाले, असं नाही.
आधी चहा सांगितला,
तो येईपर्यंत विचार केला.

तो गेल्यावर बाबा बराच वेळ गप्प.
मग भिंतीला सांगावं तसं,
"बहात्तरना साले मी एक पारडाखाले
चिंच चिटकाडी दिन्ही व्हती. आठ आणासाठे."
एवढंच.
कुणाचं पारडं, मी विचारलं नाही.
त्या साली त्यातून काय मोजून नेलं असेल लोकांनी,
तेही नाही.

माळ्यावरची वजनं मी भंगारात काढली होती.
पाचाची, दहाची, विसाची, ओतीव लोखंडाची,
तळाच्या शिशावर वर्षावर वर्ष शिक्के.
भंगारवाला दारात आला तेव्हा कळलं,
नव्या काट्याला वीस किलो म्हणजे काय
हे आधी कुणीतरी दाखवावं लागतं.
त्याचं त्याला काही माहीत नसतं.

तेव्हापासून मी वजन उचलते,
बाबा बोट दाखवतात.
"मधोमध. आते या कोपरावर. आते त्या."
चारी कोपऱ्यांवर आकडा एकच आला पाहिजे.
हे त्यांना कुठल्या सुरतेच्या पोरानं सांगितलं नव्हतं.
एका कोपऱ्यावर काटा तीस ग्रॅम लाजला
तेव्हा ते किती खूश झाले.
"दिसनं," म्हणाले. "हाई आठे दिसनं."

वीस किलोचं ते वजन मी धुळ्याला तपासून आणलं.
अकरा ग्रॅम कमी भरलं.
पन्नास वर्षांत अकरा ग्रॅम,
हमालांच्या तळव्यांना, पोत्यांच्या सुतळीला,
त्यांच्या न् माझ्या पदराला लागून गेलेले.
तळात शिसं भरून घेतलं.
बाबांना सांगितलं नाही.

सकाळी शटर वर करते, बटण दाबते.
सगळ्या घरांत आधी आठ, आठ, आठ,
मग काटा हळूहळू शून्यावर येतो.
त्याला चार सेकंद लागतात.
मला तीन वर्षं लागली.

पंखा चालू असला तर शून्य थरथरतं.
मी काही बोलत नाही.
बाबा उठतात, भिंतीला धरत जातात,
दोनदा चुकून तिसऱ्यांदा
पंख्याचं बटण सापडतं त्यांना.