एकसष्टावा दिवस

ॲबर्डीनच्या बस डेपोत, तिकीटखिडकीच्या मागच्या खोलीत
लोकांनी विसरलेल्या वस्तूंचं खातं मी सांभाळते. बावीस वर्षं.
छत्र्या, कवळ्या, एकेकटे हातमोजे,
एकदा तर अख्खा ट्युबा, त्याच्या तोंडात कोणाचं तरी सँडविच.
प्रत्येक वस्तूला गुलाबी चिठ्ठी: रंग, बसचा क्रमांक, तारीख.
नव्वद दिवस वाट बघायची. कोणी आलं नाही तर रवानगी.
नियम मला आवडतात.
नियम डोळ्यांत डोळे घालून बघत नाहीत.

अर्ज डॉक्टर ऑगिल्वींनी दिला.
मी गेले होते झोप लागत नाही म्हणून.
म्हटलं, डेपोत नवे दिवे लावलेत,
ते घरी आल्यावरही डोक्यात गुणगुणत राहतात.
त्या म्हणाल्या, इतरांना ऐकू येतात का?
एक्कावन्न वर्षांत हा प्रश्न मी कोणाला विचारलाच नव्हता.
दुसऱ्या दिवशी कॅलमला विचारला.
तो म्हणाला, कुठले दिवे?

पन्नास प्रश्न. पहिल्यावरच घोडं पेंड खाऊ लागलं.
'मला एकटीने करण्यापेक्षा इतरांसोबत गोष्टी करायला आवडतात.'
कुठल्या गोष्टी? इतर म्हणजे कोण?
'सहमत' आणि 'किंचित सहमत' यांच्यात नेमकं अंतर किती?
समासात लिहिलं: प्रश्न अपुरा आहे.
मग खोडलं. मग वाटलं,
हेच बहुधा उत्तर असावं.

युअन म्हणतो, आता या वयात कशाला?
लेबल चिकटवून काय मिळणार?
त्याला बोल नाही लावायचा मला.
बाजारात तोच माझ्या पुढे चालतो,
मासळीचा ठेला यायच्या आधीच गल्ली बदलतो,
पार्टीत पावणेनऊला सगळ्यांदेखत म्हणतो, मी दमलो बुवा.
दमलेली मी असते.
सव्वीस वर्षं त्याने या कशालाही नाव दिलेलं नाही.
नाव दिलं तर हे थांबेल की काय, ही माझी धास्ती.

पण लेबलाचं मला कोणी सांगू नये.
चिठ्ठी बांधल्याने छत्री बदलत नाही,
मोडलेली काडी मोडलेलीच राहते.
एवढंच, की कोणी विचारत आलं
तर फळीवरून काढून देता येते.

आणि मी ती नसलेच तर?
यादी तीस महिन्यांची आहे.
तीस महिन्यांनी एखादी अनोळखी बाई म्हणेल, तुम्हाला काही नाही.
मग फोनआधी कागदावर लिहिलेली ती वाक्यं,
त्यांत हसायच्या जागा अधोरेखित केलेल्या,
ती कुठल्या खात्यात मांडायची?

शेवटचं पान: लहानपणापासून ओळखणाऱ्या व्यक्तीने भरावे.
आईला जाऊन सात वर्षं झाली.
उरली एल्सपेथ, इन्व्हर्नेसला. आमचं नाताळच्या कार्डापुरतं.
चार वाक्यं लिहून काढली, फोन लावला.
दुसऱ्या वाक्यालाच ती म्हणाली,
अगं, मोर्वेन आत्याच्या लग्नात तू टेबलाखाली बसून बूट मोजत होतीस.
सगळे तुला ओढून काढायला निघाले, तर आई म्हणाली,
राहू द्या. मोजून झाले की येईल ती.

माझ्या कागदावर यापुढचं वाक्य नव्हतं.
खिडकीबाहेर समुद्रावरून चढलेलं धुकं
समोरच्या ग्रॅनाइटच्या भिंती एकेक करून पुसत होतं.
किती होते गं, तिने विचारलं.
म्हटलं, एकशे एकतीस.
रॉडी आजोबांना एकच पाय होता.
ती इतकी हसली की मला कागद लागला नाही.

अर्ज पाकिटात घातला. पत्ता लिहिला.
टपालाचं तिकीट लावलं नाही.
गुलाबी चिठ्ठी बांधली: रंग खाकी, बस माहीत नाही, तारीख.
तिसऱ्या फळीवर आहे, कवळ्यांच्या शेजारी.
कॅलमने विचारलं, हे कोणाचं?
म्हटलं, अजून कोणी आलेलं नाही.

आज एकसष्टावा दिवस.
दिवे गुणगुणताहेत.