हंगामी

रजिस्टरात माझ्या नावापुढे
दाऊद पाडवी दर रविवारी लिहितात: हंगामी.
सेक्रेटरी आहेत, निवृत्त हेडमास्तर,
शब्द चुकवत नाहीत.
पत्र तीन महिन्यांचं होतं.
हा अकरावा महिना.

नंदुरबारच्या या अंगाला हंगाम म्हणजे मिरची.
चर्चच्या मागल्या भिंतीपासून थेट रुळांपर्यंत
पथारींवर लाल पसरलेलं,
आणि वारा फिरला की भर उपदेशात
पहिल्या बाकापासून दारातल्या चपलांपर्यंत
एकच ठसका फिरतो.
पश्चात्तापावर बोलत होतो त्या दिवशी.
अख्ख्या मंडळीच्या डोळ्यांत पाणी.
क्षणभर मी भुललो.

सोमवार सुट्टीचा, असं पत्रात आहे.
सोमवारीच मिखा वळवीची सून अडली,
सिव्हिलला रक्त हवं होतं, माझं जुळलं.
आता ते पोर रडलं की आजी म्हणते,
पाळकाचं रक्त आहे, आवाज मोठा असणारच.

आधीचे पाळक गेले ते घंटेवरून.
तडा गेलेली घंटा,
सांधायची की मोडीत घालायची.
सांधणारे डावीकडे बसतात, मोडणारे उजवीकडे,
मधल्या जाजमावरून मी एकटा चालतो.
प्याला आधी कुठल्या बाजूला न्यायचा
हे मला कुठल्याच सेमिनरीत शिकवलं नव्हतं.
मी मागून सुरुवात करतो,
पथारीवरून उशिरा येऊन
भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्यांपासून.

त्यात एक रोशनी वसावे.
भाकर द्यायला गेलो तर तिने हात पुढे केलाच नाही.
तळवे दाखवले फक्त.
आठवडाभर देठ खुडून सुजलेले, तांबडे.
"आग होती बाबा. तोंडातच द्या."
दिली.
मग प्याला पुसताना, आशीर्वादाला हात उचलताना,
रात्री दिवा मालवून डोळे चोळताना
तिचा आठवडा माझ्या बोटांवर होता.

गुरुवारी सारुबाईकडे.
ती मला माझ्या आधीच्या चौघांपैकी
आठवेल त्या नावाने हाक मारते,
मी प्रत्येक नावाला ओ देतो.
बहात्तर साली, दुष्काळात,
दानाच्या टोपलीतून तिने ओंजळभर ज्वारी उचलली होती.
पोरगं उपाशी होतं. ते पोरगं आता आजोबा झालंय,
ओसरीत बिडी ओढत बसलेलं असतं.
दर गुरुवारी ती तेवढंच सांगते, दबक्या आवाजात,
आणि मी गळ्यातला पट्टा सरळ करून
रीतसर म्हणतो: तुला क्षमा झाली आहे.
एकदा न राहवून विचारलं,
आजी, हे तुला चौघांनी सांगितलं असेल ना?
"माले माहीत शे," ती म्हणाली,
"पन तुमना तोंडथून आयकनं व्हतं.
तुम्ही काय, आज शेतस, सकाय नही."

शनिवारी रात्री उपदेश लिहितो.
अर्धा होतो, मग वीज जाते.
उरलेला अर्धा सकाळी
वर्गातली मुलं खिडकीतून ओरडून बिघडवतात.
एलिशाने विचारलं होतं,
नोहाच्या तारवात मिरची होती का?
त्यावर उत्तर दिलेलं नाही अजून.

परवा बिशप ऑफिसातून पत्र आलं.
नवे पाळक येत आहेत, जालन्याकडचे.
दाऊदजींनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचलं
आणि एका शब्दापाशी थांबले.
तेही हंगामीच. तीन महिने.
डावे हसले, उजवे हसले,
अकरा महिन्यांत पहिल्यांदा एकाच वेळी.

त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे:
घंटेचा विषय काढू नका.
गुरुवार चुकवू नका.
रोशनीला भाकर तोंडात द्या,
आणि नंतर डोळ्यांना हात लावू नका.
पाळकगृहाच्या दारामागे एक खिळा आहे.
मी आलो तेव्हा होता, झगा त्यावरच टांगला.
काढला नाही.