पाठ

बोनसचे आठ हजार खिशात, आणि अक्कल
साडेतीन आण्यांची.
फोर्टात, जीपीओच्या मागच्या गल्लीत
एकानं प्लास्टिकच्या पाकिटातलं तिकीट नाचवलं,
"रेअर आहे साहेब. कॅटलॉगात बारा हजार. तुम्हाला सात."
मी हात पुढे केला, त्यानं पाकीट मागे घेतलं,
"उघडायचं नाही. हवा लागते."
मला ते पटलंसुद्धा.
मुंबईत हवा कशाला लागत नाही?

चार पावलांवर, बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर
घडीच्या टेबलामागे मुकादमबाई.
नवरा गेल्यावर धंदा तिच्याकडे आला,
एक भिंग, एक चिमटा,
आणि बुटांच्या खोक्यांत भरलेलं अर्धं जग.
मान वर न करता म्हणाली,
"पाठ बघितलीस का?"
"कुणाची?"
"तिकिटाची रे. माणसाची कोण दाखवतो."

काळ्या रुमालावर तिनं एक तिकीट ठेवलं,
समोरून कोरं करकरीत,
चिमट्यानं उलटं करून उजेडाकडे धरलं.
मधोमध कागद विरलेला,
धुऊन धुऊन पातळ झालेल्या बनियनसारखा.
"वरनं नवा डिंक फासलाय. हे बघ,
दात्यांच्या टोकांवर चढलाय.
डिंक आधीचा असतो, दाते मागचे.
दात्यांवर डिंक दिसला की समज,
मागाहून कुणाचातरी हात फिरलाय."

"कितीला?" मी सवयीनं विचारलं.
"विकायचं नाही. आमच्या ह्यांनी घेतलेलं, लग्नाच्या वर्षी,
दोन महिन्यांचं भाडं घालून.
डोंगरीच्या त्या जिन्यावरून दोन महिने
आम्ही चपला हातात घेऊन चढलो."

ती पाठ, आणि तो पाठ.
एकच शब्द, मधे एक काना-मात्राही नाही.

मग ती बोलतच राहिली, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून असेल.
कॅटलॉगातली किंमत म्हणजे लग्नपत्रिकेतला नवरदेवाचा हुद्दा,
खरा पगार घरात गेल्यावर कळतो.
चकचकीत घोडे, मासे, रॉकेटं, कोपऱ्यात नेमका पाव शिक्का,
ते पत्रावर कधी बसलेलंच नाही, शेजारच्या पोरांना दे.
बोट लावू नकोस, आपल्या बोटांना समुद्राचं मीठ असतं.
"आणि तुला आवडतं काय?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.
मला बारा हजार आवडले होते.
पुष्कळ वेळानं म्हणालो, "पूल."
पुलांच्या कंत्राटदाराकडे हिशेब लिहितो मी,
एकाही पुलाकडे नीट बघितलेलं नाही.
"मग पूल गोळा कर," ती म्हणाली,
आणि पाकिटांवरून कापलेल्या तिकिटांची
पाव किलोची पिशवी तीनशेला दिली. चिमटा ऐंशीला.
घासाघीस केली नाही. ती म्हणाली, "करायला हवी होतीस."

परतताना तो पाकीटवाला तिथंच होता.
"पाठ दाखवा," मी म्हटलं.
त्याला एकदम दुसरं गिऱ्हाईक दिसलं.

चेंबूरला घरी, मे महिना, परातीत पाणी.
कागद सोडून एकेक तिकीट वर आलं,
टीपकागदावर सगळी पालथी, पाठी वर करून.
हेमांगी पदरानं वारा घेत उभी,
"पंखा?"
"दहा मिनिटं."
"मघाशीही दहाच होती."
मग तिनंच चिमटा घेतला, एक तिकीट उलटं केलं.
शिक्का अर्धा, फक्त 'वली' शिल्लक.
बोरिवली, मी म्हटलं. डोंबिवली, ती म्हणाली.
आतून सासूबाई, न बघताच, "कणकवली."

घाम पुसत भांडलो तासभर.
पंखा शेवटी कुणी लावला, ते अजून ठरलेलं नाही.
माझा पहिला पूल
कपाटाखाली गेला.