गेट पडलं की

टिळकवाडीचं दुसरं गेट पडलं
की मला चार मिनिटं मिळतात.
मालगाडी असली तर सहा.
फर्स्ट शिफ्ट सुटलेली असते,
नखांत उद्यमबागेची काळी वाळू
आणि डब्याच्या पिशवीत
एक रिजेक्ट कास्टिंग.

ते मीच रिजेक्ट केलेलं.
पंपाचा ब्रॅकेट, पोटात ब्लो-होल,
पण खाच अशी पडलीय
की मोबाईल तिच्यात उभा बसतो,
वाऱ्यानंही हलत नाही.

दिवसभर चुका शोधायचा मला पगार मिळतो.
गेटवर तीच सवय नडायची.
हलला. पुसट. उन्हात जळाला. डिलीट.
दोन वर्षं अशी गेली.
फिल्मचं नाव ठरलेलं, पोस्टरही तयार,
माझं नाव त्यावर दोनदा.
फक्त गोष्ट नव्हती.
ती शोधत राजहंसगडावर गेलो, ढग काढले.
खानापुरात कौलांच्या भट्ट्या काढल्या,
धूर छान आला होता.
घरी येऊन बघितलं तर सगळं
लग्नाच्या व्हिडिओच्या सुरुवातीसारखं.

मग एकदा गेटमन मडिवाळप्पानं
खिडकीतनं विचारलं, एन माडाकत्ती?
शूटिंग, म्हटलं.
कशाला?
मला उत्तर सुचेना.
घरात विचारतात तेव्हा मी 'उगंच' म्हणतो
आणि मान खाली घालतो.
त्याला म्हटलं, सुम्ने.
तो हसला. म्हणाला,
"सुम्ने असंल तर बरं.
पैशाचं असतंय तर
कव्वाच सोडला असतास गा."

त्याच्या केबिनची खिडकी ठेंगणी.
स्टुलावर बसलं की दांडीखालनं
माणसं कमरेपर्यंतच दिसतात.
मडिवाळप्पा पायांवरनं ओळखतो:
हा एलआयसीवाला, डावी टाच झिजलेली.
ही पोळ्या लाटून देती, बोटांना पीठ.
हा आज भांडून आलाय, बघ, बूट उलटे बांधलेत.

त्या दिवसापासनं पोस्टर मिटलं
आणि रियाज सुरू झाला.
आठवडाभर नुसते पाय.
मग क्लचवरची बोटं, सुटायला आतुर,
एकाच्या अंगठ्यावर मतदानाची शाई
अजून नखाबरोबर वर सरकत असलेली.
एकदा रुळांकडं पाठ करून कॅमेरा ठेवला.
गाडी दिसलीच नाही,
फक्त डब्यांच्या फटींतनं ऊन
एका पोरीच्या चेहऱ्यावरनं
उजेड, अंधार, उजेड, अंधार,
आणि ती मोजत होती, ओठ हलवत,
कन्नडात की मराठीत, कळलं नाही.
कितीदा तरी बघितलं. कळलं नाही.

एकदा म्हशीनं लेन्स चाटली.
तो शॉट ठेवलाय.

परवा गेट पडलं आणि गाडी येईना.
सात मिनिटं. नऊ.
लोकांनी गाड्या बंद केल्या,
आवाज असा खाली बसला
की तारेवरचा कावळा ऐकू आला.
वडगावच्या एका विणकरानं
कॅरिअरवरचं गाठोडं सोडून
शेजारच्या अनोळखी बाईला
साडीचा काठ दाखवायला घेतला.
ती भाव करेना, तोही सांगेना.
ती काठ उलटा करून बघत राहिली,
मागचे धागे, गाठी,
जिथं मी दिवसभर बघतो तिथंच.

आणि मोबाईल म्हणाला, जागा नाही.

घाईत काय काढू?
पायांना हात लागेना, म्हशीलाही नाही.
पोस्टर काढलं.
सात सेकंदांची जागा झाली.
तोवर गाडी धडधडत येऊन गेलीसुद्धा,
साडी गाठोड्यात, बाई स्कूटरवर,
आणि सात सेकंदांत आलं ते एवढंच:
दांडी वर जाते,
सगळे हॉर्न एकदम,
धूळ,
आणि रुळांमधे राहिलेली
कुणाची तरी एक चप्पल, निळ्या पट्ट्याची.

आज शिफ्टला जाताना बघितलं,
अजून तिथंच होती.
पट्टा गाडीच्या वाऱ्यानं उलटा झालेला.
मडिवाळप्पाला विचारलं, कुणाची?
त्यानं बराच वेळ बघितलं.
मान हलवली.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी तिथनं सुरू करायचं.