एका ‘ह’चं अंतर

कीथलीची शाळा, मंगळवार, जेवणाची सुट्टी नुकती संपलेली.
हॉलमध्ये अजून उकडलेल्या वाटाण्यांचा वास.
पंधरा बोथट कात्र्या,
चार रंगांचे कागद एकावर एक,
सगळ्यांत वर काळा.

“वरचा कापायचा,” मी सांगते, “म्हणजे खालचा दिसेल.
रंग लावायचा नाही. तो आधीच तिथे आहे.”

भिंतीवर चित्र: पनामाच्या बेटांवरच्या बायका,
पोलक्यांच्या पाठीपोटावर पक्षी, खेकडे,
कापडाच्या थरांतून कोरून काढलेले.
फळ्यावर त्यांच्या जमातीचं नाव लिहिते: गुना.
लिहिताना मनात उगीच एक ‘ह’ येऊन बसतो.
न विचारता आणलंय ना हे.

टेगनने काळ्यातून बगळा काढला, कालव्यावरचा,
एका पायावर, चोच जरा जड.
इद्रीसची कात्री मात्र थांबतच नाही:
काळा, लाल, पिवळा, हिरवा
आणि आरपार.
खाली टेबल, त्यावर कुणीतरी कधीकाळी कोरलेलं अर्धं नाव.
“मिस, माझे रंग संपले.”
असू दे रे, मी म्हणते.
असू दे म्हटलेलं मुलांना कधीच पटत नाही.

“तुम्ही तिथल्या का, मिस?”
नाही. मी इचलकरंजीची.
आमच्या गल्लीत रात्रभर माग खडखडायचे,
वडील जॉबर, कापड मीटरवर,
त्यात पक्षी कधी निघाला नाही.

“मग हे कुणाचं?”
त्यांचं. उसनं आणलंय.
उसनं कसं असतं ते सांगायला माझं इंग्रजी पुरेना,
म्हणून वाटीवर आले:
शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते.

“मग काय घालायचं तिच्यात?” टेगन.
माहीत नाही, मी म्हणाले. खरंच नाही.

तोवर इद्रीसने भोकाचा कागद
खिडकीच्या काचेवर दाबून धरलेला.
भोकातून पार्किंग, ओली दगडी भिंत,
मार्चचं पांढरं आभाळ.
“पाचवा थर,” तो म्हणतो,
आणि खाली बसून नखाने एकेक कड आत दुमडू लागतो,
त्या बायका सुईने दुमडतात तशी.
हे मी शिकवलं नव्हतं.

घंटा झाली. पोरं गेली.
फरशीवर कापून पडलेले काळे तुकडे,
त्यांतला एक अगदी बगळ्याच्या आकाराचा.
वेचून पाकिटात भरले.
पत्ता अजून घातलेला नाही.