राहिली

अंक सातवा. लेखकांची नावं नाहीत.
चित्रांच्या फायलींतून मी वेळ पुसली,
जागा पुसली, कॅमेऱ्याचं नाव पुसलं.
आत आता कुणी नाही,
धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखं.

कविता चौदावी. पाठवणार: गिरमिट.
चौथ्या ओळीत लिहिलंय,
"मी थकून राहिली आहे."

असं पुण्यात कुणी म्हणत नाही.
हे आमचं इंदूरचं, लोकमान्य नगरचं,
पोह्यांवर जिरावण भुरभुरावं तसं
मराठीवर पडलेलं.
आणि हे वाक्य, याच दमात, मी ऐकतो
दर महिन्याला, वीजबिलाच्या खिडकीशी.

"थकले आहे" करून पाहिलं.
ओळ सभ्य झाली,
सोफ्याच्या कडेला टेकली पाहुण्यासारखी.

रात्री दीडला विचारलं,
बोलीवरून ओळखू याल. बदलू?
सराफ्यात तेव्हा तवे खरवडत असतील.
उत्तर उजाडताना आलं:
"नाव काढलंत, पुष्कळ झालं.
राहिली राहू द्या."

पुढचं बिल भरायला गेलो.
तिनं सुट्टे दोनदा मोजले,
मी पावतीवरचा माझाच ग्राहक क्रमांक
उगाच वाचत उभा.
मागून कुणी म्हणालं,
चलो भिया, आगे बढ़ो.